ह्यांना सोपी पडेल अशी सिस्टीम

"आधी म्हनले, मानसासाठी आनलं. मंग त्याच्यासाठी टेबल आनलं. मंग माह्या डोक्यावरचा पंखा त्याच्याकडे फिरवला. उद्या म्हनतीन, म्हतारीले ओट्यावर निजू द्या."

सासूबाई हे कुणाला ऐकवत नव्हत्या. पण आम्ही दोघी एकाच टेबलाखाली बसलो होतो, त्या फडक्याने जळमटं काढत आणि मी वायरीचं टोक धरून, त्यामुळे मला ऐकण्याखेरीज इलाज नव्हता. वर टेबलावर कॉम्प्युटर बसला होता, नव्या जावयासारखा. काही करत नव्हता आणि सगळ्यांना कामाला लावत होता.

कॉम्प्युटर संस्थेचा. संस्था म्हणजे केळीची. फैजपूरच्या आसपासचा माल गोळा करून ट्रकने दिल्लीकडे पाठवायची. तिथे हे, म्हणजे आमचे मालक शालिग्राम चौधरी, हेडक्लार्क. टाइपरायटरवर ह्यांचा हात असा की चेअरमन रतिलालनाना म्हणायचे, शालिग्राम टाइप करायला बसला की बाहेरच्या हमालांचे पायसुद्धा तालात पडतात. गल्लीत ह्यांना कुणी नावाने ओळखत नसे. सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून निघाले की ओट्यावरच्या बाया म्हणायच्या, "ऑफिस निघालं वाटतं." संध्याकाळी म्हणायच्या, "ऑफिस आलं, चला, स्वयंपाकाचं बघा."

मागच्या पोळ्याच्या सुमाराला हे टाइप करता करता खुर्चीवरून कलले. जळगावला नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी. घरी आले ते मात्र चालत आले, बोलत आले. उजवा हात जड होता, तोही दिवाळीपर्यंत मोकळा झाला. दारातून जाताना उजवा खांदा तेवढा चौकटीला लागायचा. सगळे म्हणाले, नशीब. मीही म्हटलं, नशीब. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "काही उणं राहिलंय का ते हळूहळू कळेल, लक्ष ठेवा." लक्ष नेमकं कशावर ठेवायचं ते विचारायचं राहिलं. यावलची बस सुटायच्या बेतात होती.

दरम्यान संस्थेने नवा रंगीत कॉम्प्युटर घेतला आणि टाइपरायटर माळ्यावर गेला. जुना काळापांढरा कॉम्प्युटर शिल्लक पडला. रतिलालनानांनी तो जीपमध्ये घालून आमच्याकडे पाठवला आणि मागोमाग स्वतः आले.

"शालिग्राम, हा पडूनच आहे. घरी हात बसव. आखाजीपर्यंत तुझी खुर्ची मी रिकामी ठेवतो. आखाजीनंतर माल वाढतो, मग मला संचालकांना तोंड द्यावं लागेल. तोवर तू नव्या मशीनवर बसायला तयार पाहिजेस. होशील ना?"

"टाइपिंगच तर आहे नाना," हे म्हणाले. "फक्त कागद पुढे न येता काचेत येतो."

नाना खूष झाले. आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया, तिला अजून अवकाश होता. मीही झाले. एवढं गमतीत बोलणारा माणूस आजारी कसा असेल?

मी आठवीपर्यंत शिकलेली. पुढचं सगळं जिथे सापडलं तिथून उचललं. शिवण शिकले ती दुसऱ्यांचे ब्लाउज उसवून, आणि इंग्रजी शिकले खताच्या गोण्यांवरून आणि आमच्या लेकीच्या, लताच्या पुस्तकांवरून. लता आता धुळ्याला सासरी. जाताना डिक्शनरी मला देऊन गेली होती. कॉम्प्युटरबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं होतं, ते मी एका हाताला डिक्शनरी आणि एका हाताला लाटणं घेऊन वाचायला घेतलं. पुस्तकात प्रत्येक पानावर लिहिलेलं, काही अडचण आल्यास आपल्या विक्रेत्याला भेटा. आमचा विक्रेता नाशिकला गेला होता. म्हणून कौतिक आला.

कौतिकचा जळगावला बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचा गाळा. माणूस पस्तिशीचा, तोंडात सदा बडीशेप, आणि न विचारता समजावून सांगायची हौस मोठी. त्याने मशीनचं झाकण काढलं, आत फुंकर मारली आणि पाट मागितला.

"कसं आहे वहिनी, मशीन म्हणजे बैल. सिस्टीम म्हणजे त्याच्या मानेवरचं जू. तुमचा बैल म्हातारा, म्हणजे जू हलकं पाहिजे. आणि भाऊ नवीन, म्हणजे सोपं पाहिजे. आता दुखणं असं की, हलकं असतं ते सोपं नसतं आणि सोपं असतं ते हलकं नसतं."

"मग?"

"मग तीन आहेत. डॉस आहे, ती लय हलकी, पण तोंडाची फटकळ. विंडोज आहे, चित्रांची, मधली. आणि आता नवी पंच्याण्णवची विंडोज निघालीय, लहान पोरालाही येते, पण तिला खाऊपिऊ लागतं. एक फुकटची पण आलीय म्हणतात. पुण्यात एकाने टाकून बघितली, तो अजून तिच्यातून बाहेर आला नाही."

डॉस मशीनमध्ये आधीपासूनच होती, तिच्यापासून सुरुवात झाली. काळा पडदा, कोपऱ्यात एक बारीक रेघ उघडझाप करत उभी.

"डोया मारतं मेलं," सासूबाई म्हणाल्या आणि पदर सावरून आत गेल्या.

हे खुर्चीवर बसले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना तसं बसलेलं बघत होते. पाठ ताठ, कोपरं अंगाला, दहाही बोटं हवेत. कौतिकने एक एक अक्षर सांगितलं, आणि त्याचं सांगून होण्याआधी ह्यांची बोटं टाइप करून मोकळी झाली होती. पडद्यावर खालून वर नावंच नावं धावत गेली.

"वा भाऊ! आता ह्यातलं पत्राचं कुठलं ते बघा आणि तेच नाव खाली मारा."

ह्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून हसले. "कुठलं गं?"

मी बोट ठेवलं. त्यांनी काहीतरी मारलं. पडद्यावर एक ओळ आली.

"काय म्हणतं?"

"चुकलं म्हणतं," मी म्हटलं. खरं तर त्या ओळीत चार-पाच साधे शब्द होते, आणि हे आयुष्यभर दिल्लीवाल्या व्यापाऱ्यांची इंग्रजी पत्रं वाचून नानांना मराठीत सांगत आले होते.

"बघा, हेच मी म्हणतो," कौतिक म्हणाला. "धडाधड सगळं अंगावर फेकायचं आणि चुकलं की घालूनपाडून बोलायचं. हे नवशिक्याचं काम नाही. भाऊंना चित्रांची टाकू."

मी लगेच हो म्हटलं. चित्रांची बरी. आजारातून उठलेल्या माणसाशी कुणी असं फटकळ बोलावं काय?

कौतिक फ्लॉप्यांची थप्पी घेऊन पुन्हा आला आणि एकेक करून मशीनला भरवत बसला. दुपार सरेपर्यंत विंडोज चढली. आणि काय सांगू, जमलं! त्यात पत्त्यांचा एक डाव होता. ह्यांनी उंदीर हातात धरला, आणि त्याच संध्याकाळी बदाम, इस्पिक, राजा, राणी सगळं जागच्या जागी लावायला लागले. ठिपके मोजायचे, चित्रं ओळखायचे. डाव सुटला की पत्ते उड्या मारत खाली यायचे, आणि हे लहान मुलासारखे मला हाक मारायचे, "प्रमिला, बघ, बघ, चालले बघ!"

"शिकला!" सासूबाई म्हणाल्या. "पन जुगार शिकला. संस्थेत पत्ते कुटायले बलावतीन का याले?"

तर आता पत्रं लिहायचं बघू, असं ठरलं. इथे एक घोटाळा निघाला. त्या विंडोजमध्ये डब्यांसारखी छोटी छोटी चित्रं मांडलेली असत आणि एकेका डब्यात एकेक जातीची कामं. डबे सगळे दिसायला सारखे. खाली नाव लिहिलेलं, त्यावरून ओळखायचं. हे दर वेळी भलताच डबा उघडायचे.

"अहो, खाली लिहिलंय ना."

"हो हो. घाई झाली."

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, डावीकडून दुसरा डबा. मग बरोबर जायला लागलं. सगळं छान चाललं. मग एकदा माझाच धक्का लागून डबे इकडचे तिकडे झाले आणि ह्यांनी उंदरावरचा हात काढून मांडीवर ठेवला. मी बघितलं तर मांडीवर त्यांचं एक बोट काहीतरी गिरवत होतं, सावकाश, पहिलीतलं पोर पाटीवर गिरवतं तसं. एक वळण, परत एक वळण. टायपिस्टाची सवय असेल, रिकामा हात बसत नाही, असं मी मनाशी म्हटलं आणि चहा टाकायला गेले.

फोनवर कौतिक म्हणाला, "त्यात भाऊंची काय चूक? डबे सगळे सारखेच करून ठेवलेत, शहाणा माणूस चुकेल."

"हो ना," मी म्हटलं.

हे मी बूथवरून बोलत होते, आणि बूथवाला रतनलाल ऐकत होता. तोही म्हणाला, "नवी टाका ना भाभी, नवीत तसा घोळ नाही म्हणतात." त्याने आयुष्यात कॉम्प्युटर बघितला नव्हता. पण ह्यांच्याबद्दल काही बोलायचं तर तेव्हा सगळी गल्ली कॉम्प्युटरबद्दल बोलायची.

चष्म्याचंही करून झालं होतं. पेपर हे रोज घ्यायचे, पहिल्यासारखाच उघडायचे, पण पान उलटायचे नाहीत. "अक्षर बारीक काढायला लागलेत," म्हणायचे, "तू वाच जरा मोठ्याने, मायलाही ऐकू जाईल." म्हणून जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तक्त्यासमोर बसवलं. ह्यांनी लहानातली लहान ओळ बघितली आणि म्हणाले, "स्वच्छ दिसतंय." डॉक्टर म्हणाले, वाचा. हे थांबत थांबत दोन-तीन अक्षरं बोलले आणि म्हणाले, उन्हातून आलोय, डोळे दिपलेत. तेव्हाही बोट मांडीवर चालू होतं. नंबर जरासा बदलला म्हणून नवा चष्मा घेतला. फ्रेम चांगली दिसत होती. येताना आम्ही शेवभाजी खाल्ली आणि दोघंही फ्रेमबद्दल बोलत राहिलो.

त्याच आठवड्यात मी ह्यांना स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावं लिहून द्यायला सांगितलं. मीठ, साखर, सोडा, रवा. ह्यांचं अक्षर म्हणजे कागदावर मोती. भराभर लिहिली, मी डकवली. आणि सकाळी मी न्हाणीतून आले तर हे स्वयंपाकघरात पाठमोरे उभे. चहा करत होते बिचारे. समोर दोन डबे, दोन्हींवर ह्यांच्याच हातची नावं. हे एकातलं चिमूटभर घेऊन जिभेवर ठेवत होते. मग दुसऱ्यातलं.

मी आत गेले नाही. मागल्या दारी जाऊन भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती.

पंच्याण्णवची विंडोज कौतिकने स्वतःहूनच आणली. म्हणाला, पैशांचं राहू द्या, भाऊंचं काम आहे. ही थप्पी पहिलीहून मोठी. एक फ्लॉपी मध्येच वाचायची थांबली, ती त्याने शर्टाला पुसली, हातावर आपटली, कपाळाला लावली. कपाळाला लावल्यावर चालली. चढवता चढवता संध्याकाळ झाली, आणि मग मशीन सुरू झालं ते सुरूच होत राहिलं. ढगांचं चित्र आलं. आतून कुरकुर कुरकुर आवाज, जसा घुशीने पेटारा धरलाय.

"हे काय फिरू राह्यलं व? डमरू?" सासूबाईंनी विचारलं. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं होतं.

"थांबा म्हणतंय माय," मी म्हटलं.

"कितलं थांबू?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. हे उंदीर दाबायचे, डमरू यायचं. मी देवाला दिवा लावून यायचे, डमरू. कौतिकचा दुसरा चहा पिऊन झाला तरी डमरूच. पण गंमत अशी की हे त्या दिवशी फार खुशीत होते. मशीन अडलं होतं, म्हणजे हे अडलेले नव्हते. "काय रे कौतिक, तुझा बैल बसला," म्हणून मनमुराद हसले. मला वाटलं, ही असू द्यावी. अडलं तर हिच्यावर घालता येईल.

पण आखाजी जवळ आली होती. लताचं धुळ्याहून निघायचं ठरलं होतं, आणि नाना बाजारात भेटले की विचारायचे, "काय म्हणतो आमचा साहेब?" कौतिकने मान हलवली. "वहिनी, ह्या मशीनला ही झेपत नाही. परत डॉसवर जाऊ. फक्त तिचं तोंड बांधायचं बघतो."

तोंड मीच बांधलं. पुस्तकात शोधून, चुका करत, पोळ्या करपवत. मशीन सुरू झालं की आपोआप सरळ टाइप करायच्या पानावरच जाईल, मध्ये कुणी काही विचारणार नाही, असं केलं. नावं शोधणं नाही, डबे नाहीत. बसायचं आणि टाइप करायचं. झालं की एक बटण, म्हणजे ठेवलं जाईल. कौतिकने बघितलं आणि बडीशेप चघळायचा थांबला. "वहिनी, ह्याच्याहून सोपी सिस्टीम मी विकूसुद्धा शकत नाही."

मग आम्ही पुकारा सुरू केला. संस्थेतली ही जुनी रीत. कापणीच्या चिठ्ठ्या एकाने मोठ्याने पुकारायच्या आणि टायपिस्टाने ऐकून टाइप करायच्या, मान वर न करता. सगळ्या झाल्या की परतपुकारा. म्हणजे टायपिस्टाने टाइप केलेलं वाचायचं आणि पुकारणाऱ्याने चिठ्ठीवर खूण करायची. तसं मी पुकारायला लागले. जुन्या चिठ्ठ्या होत्याच घरात.

"लोटन पितांबर, भालोद. घड एकशे साठ."

टकटकटक, टक.

"उखर्डू जीवराम, न्हावी. घड नव्वद."

टकटकटकटक.

काय सांगू! माझं बोलणं मागे पडायचं आणि ह्यांची बोटं पुढे. एक चूक नाही. शेजारच्या कुंदाबाई ओट्यावरून ओरडायच्या, "ऑफिस चालू झालं का हो?" सासूबाई जपमाळ घेऊन दाराशी बसायच्या आणि आवाज ऐकत राहायच्या. त्यांचा गडी परत आला होता. मीही पुकारताना ह्यांच्या मानेकडे बघायचे आणि मला ती पूर्वीसारखीच दिसायची.

परतपुकारा तेवढा आम्ही ठेवला नाही. मीच पडद्याकडे नजर टाकायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे." वेळ वाचतो. असं काही आम्ही बोलून ठरवलं नव्हतं. पण ठरलं होतं.

आखाजीच्या आधी रतिलालनाना आले. सकाळची वेळ, ऊन अजून ओट्यावर चढायचं होतं. कौतिकही मुद्दाम जळगावहून आला, आपलं काम बघायला. मी टेबलावरची धूळ दोनदा पुसली. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दारातून येताना खांदा चौकटीला लागला, तर कौतिक लगेच म्हणाला, "जुन्या घरांचे दरवाजे अरुंदच."

नानांनी खिशातून चिठ्ठ्यांचा जुडगा काढला, कालच्याच कापणीच्या. "चल साहेबा, होऊ दे."

नाना पुकारायला लागले. त्यांचा आवाज बाजारात कमावलेला, आणि वेग माझ्या दुप्पट. हे जराही मागे हटले नाहीत. नाना एकदा मुद्दाम भरभर बोलले, तर हे हसले आणि तेही टाइप करून थांबले. शेवटची चिठ्ठी झाली. नानांनी उठून पडद्यात बघितलं, खालपासून वरपर्यंत, आणि ह्यांच्या पाठीत एक धपाटा घातला.

"अरे, तुला काय धाड भरलीय? उगाच लोक बोलतात. सोमवारपासून ये."

सासूबाईंनी माळ डोळ्यांना लावली. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते, तो मला खाली ठेवता येईना. सोमवार. आज शुक्रवार. इस्त्रीला शर्ट टाकायला हवे.

नाना खुर्चीवर परत बसले. बशीत चहा ओतला, एक घोट घेतला, चिठ्ठ्यांचा जुडगा मांडीवर सरळ केला आणि कानावरचं पेन काढलं. अगदी सवयीने. "हं. परत पुकार."

मी म्हटलं, "नाना, चहा तर घ्या आधी."

"घेतोय की. पुकार रे."

ह्यांनी पडद्याकडे बघितलं. आणि पुकारायला लागले! "लोटन पितांबर, भालोद, एकशे चाळीस." नानांनी खूण केली. "मिश्रीलाल ओंकार, फैजपूर, दोनशे दहा." खूण. "कडू झिपरू, पिंपरूड, पंच्याण्णव." खूण. हे पडद्याकडे बघत होते, पण डोळे हलत नव्हते. हे ऐकलेलं आठवून सांगत होते.

"जीवराम सुका, हंबर्डी, एकशे ऐंशी."

नानांचं पेन थांबलं. "एकशे आठ."

"एकशे आठ."

"नाही, तू ऐंशी म्हणालास. टाइप काय झालंय? ते बघून सांग."

टेबलाखाली मांडीवर ह्यांचं बोट हलायला लागलं.

"अरे वाच ना, समोर तर आहे," नाना म्हणाले. रागाने नाही. नवल वाटून.

"ह्या पडद्याचं जरा असंच आहे नाना," कौतिक झटकन पुढे झाला आणि पडद्यामागचं उजेडाचं चाक फिरवायला लागला. "उजेड कमीजास्त होतो. जुना माल ना. आणि ह्या सिस्टीममध्ये अक्षर जरा किरटं येतं. संस्थेच्या मशीनवर मोठं येईल, तिथे भाऊंना काही..."

"ऊन येऊ राह्यलं काचीवर," सासूबाई दारातून म्हणाल्या. "कायले दिसीन? लाव ना व ते दार."

"चष्मा नवीन आहे," मी म्हटलं. "नंबर अजून बसला नाही. मी सांगते ना नाना, जीवराम सुका, एकशे..." आणि मी ट्रे तसाच धरून पडद्याकडे वाकले.

"थांब प्रमिला."

मी थांबले. ह्यांनी दोन्ही हात उचलून टेबलावर ठेवले. कौतिकचं चाक फिरवणं चालूच होतं, पडदा काळा व्हायचा, पांढरा व्हायचा.

"राहू दे कौतिक," हे म्हणाले. ऑफिसात हे कधी घरच्या बोलीत बोलत नसत, नानांसमोर तर नाहीच. "तू कोनती बी सिस्टीम टाक, भो. मले वाचता येत नही."